चाळीस पावलांची एक वाढणी

जव्हारच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत आता जिथं मोबाइलची कव्हरं विकतात, तिथं पयलं मंजुळाबायचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. तिथनं जाताना माझी मान अजून ताठ होते. मी करत नाय, आपोआप होते. कव्हरवाल्याला वाटतं मी त्याच्यासमोर अकडतो. एकदा म्हणाला, "काका, मानेत लचक भरली का?" म्हटलं, हो बाबा, जुनी हाय. आता त्याला काय सांगणार?

मंजुळाबाय मानेवरनं ओळखू यायची. बाजाराच्या दिवशी शंभर बायांत ती उठून दिसायची. डोक्यावर काही नसलं तरी हंडा असल्यासारखी चालायची. मागनं हाक मारली तर मान वळायची नाय, अख्खी बाय वळायची. बसली तरी तशीच. हातातली तांब्याची तार बघायला पण मान खाली घालायची नाय, तारच डोळ्यासमोर वर उचलायची. दुपारच्या उन्हात ती तार लालसोनेरी चमकायची, आणि बाय त्या उजेडाला वेटोळे घालत बसलीय असं वाटायचं.

दुकान तिच्या नवऱ्याचं. तो गेला, दुकान राहिलं, तिनं चालवलं. कुठं शिकलीस विचारलं तर म्हणायची, "जळक्या मोटारींनी शिकवलं. चांगली मोटर काय बोलते?"

मी तिच्याकडे कामाला लागलो त्याचं कारण माझी हुशारी. मी आधी जव्हार-मोखाडा जीपवर क्लीनर होतो. मागच्या पायरीवर लटकायचं, गावांची नावं ओरडायची. एकदा जामसरकडचा एक म्हातारा उतरला, त्याचं गाठोडं द्यायला मी पण उतरलो. पण उतरायच्या आधी पत्र्यावर थाप मारून "जाऊ दे" म्हणून बसलो. जीप मोखाड्याला गेली. मी, म्हातारा आणि गाठोडं रस्त्यावर. मालक म्हणाला, "काशा, तू असला काय, नसला काय, जीप पोचतेच." तिथं ती नोकरी संपली. तेव्हा मी चाळिशीचा. अंगठाबहाद्दर. मंजुळाबायला जड मोटारी उचलायला माणूस पायजे होता, आणि उचलायला अक्कल लागत नाय.

पयल्याच दिवशी टेबलावर एक पांढरा डबा दिसला. बोटभर उंच, दोन वायरी बाहेर आलेल्या. बायनं नुकतीच त्याच्यावर मोटर फिरवून बघितली होती. मला वाटलं ह्याला कुठं वीज जोडलीय? दोन्ही टोकं धरली.

मी कुठं पडलो ते मला आठवत नाय. समोरच्या टपरीवाल्याला आठवतं, कारण मी त्याच्या बाकड्यावर पडलो.

बाय हसली नाय. एवढंच म्हणाली, "बटण बंद केलं म्हणून कोणी लगेच रिकामं होत नाय."

मग तिनं दुसरा तसलाच डबा भरला आणि त्याला एक पिवळा बल्ब लावून दाखवला. त्या बल्बाच्या होल्डरला दोन वायरी होत्या, तो कायम तिच्या मांडीजवळ असायचा. कुठल्याही कंडेन्सरला, म्हणजे असल्या डब्याला, हात लावायच्या आधी तो बल्ब लावायचा, हा तिचा नियम. बल्ब लावला की उजेड धावत यायचा आणि झटकन मरायचा. पण तिच्याकडे एक मोठा कंडेन्सर होता, कोणत्या तरी जुन्या मशिनीतला, त्याला ती बारकी लाल लाईट लावायची. तो उजेड पाय ओढत ओढत जायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं ते बघत बसायचो. लाल, मग विटका लाल, मग निखाऱ्यासारखा, मग हाय का नाय असा. मला झोप लागायची. तिला लागायची नाय.

"गेला," मी म्हणायचो.

"नाय गेला," ती म्हणायची. "तुला दिसत नाय एवढंच."

एक दिवस मी विचारलं, हा आधी भरभर उतरतो आणि मग रेंगाळतो, असं का? भरताना पण तसंच करतो. बायनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे अख्खी वळली.

"काशा, लग्नात पंगतीला बसतोस तवा पयला भात कसा खातोस?"

"तुटून पडतो."

"दुसरा?"

"जरा दमानं."

"शेवटचा?"

"आग्रह केला तरच."

"का?"

"पोट भरत जातं ना बाय."

"मग ह्याला पण पोट हाय. जेवढी भूक बाकी, तेवढाच वेग. पयल्या वाढणीत भुकेचे तीनातले दोन भाग मरतात, जरा कमीच. दुसऱ्या वाढणीत उरलेल्या भुकेचे दोन भाग. तिसरीत त्याच्या पण उरलेल्याचे. अशा पाच वाढण्या झाल्या की पोट भरलं म्हणायचं."

"म्हणायचं? भरत नाय?"

"पुरं कधीच भरत नाय. एका शिताची जागा उरतेच. पण उठाय पायजे. मागं दुसरी पंगत ताटकळलेली असते."

मग तिनं एक रेझिस्टन्स उचलला, रंगीत पट्ट्यांचा, तांदळाएवढा. "ही वाढायची पळी. आणि कंडेन्सर म्हणजे पोट. पोट मोठं आणि पळी बारकी, तर एक वाढणी लांबते. पोट बारकं आणि पळी मोठी, तर झटक्यात. दोन्ही बघून ठरवायचं." आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "हे मोठ्यातलं."

तेव्हापासून दुकानात कोणी आलं आणि विचारलं की बाय हे समजावायची, आणि समजावताना मला उभं करायची. मी शर्ट वर करून पोट दाखवायचो. एकदा आयटीआयचे एक सर पंखा घेऊन आले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, याला आम्ही टाइम कॉन्स्टंट म्हणतो. पहिल्या वेळेत त्रेसष्ट टक्के भरतं."

"आम्ही वाढणी म्हणतो," बाय म्हणाली.

मी मात्र खूश. शाळेत गेलो असतो तरी मला त्रेसष्ट टक्के पडले नसते, पोटाला पडले!

कॉइलचं तिनं वेगळं सांगितलं. "कॉइल म्हणजे जातं. सुरू करताना जड, हलत नाय. एकदा फिरलं की थांबायला तयार नाय. फिरतं जातं एकदम अडवलंस तर तुझीच बोटं जातील." मी म्हटलं, जात्याचं खरं, पण तारेच्या वेटोळ्याचं काय भ्या? तिनं ट्यूबलाईटची जुनी चोक काढली आणि बॅटरीतला एक सेल दिला. "ही टोकं धर, सेल लाव, आणि काढ." आता सेलला कोण घाबरतं? मी सेल जिभेला लावून बघणारा माणूस. लावला तेव्हा काही नाय झालं. बायकडे बघून हसलो. आणि काढला.

टपरीवाल्यानं त्या दिवसानंतर बाकडं दुकानासमोरनं हलवलं.

हे सगळं हसायचं होतं. पण बायच्या मनात एक गोष्ट होती, तिच्यात हसायला काही नव्हतं. तिचं माहेर कारवीपाडा, मोखाड्याच्या पुढं, रस्त्यापासून आत. विहीर खाली दरीत आणि पाडा वर. मधे उभी चढण. खाली मोटर बसवली होती, वर टाकी बांधली होती, पण दोन उन्हाळे मोटर जळली. आमच्याकडे लाईट गेली की परत येताना सरळ येत नाय. लंगडत येते. येते, जाते, अर्धीच येते. तेवढ्यात मोटर उठायला बघते, ताकद पुरत नाय, जागच्या जागी घुमते आणि जळते. मग बायांनी हंडे घेऊन खाली उतरायचं, पाऊस येईपर्यंत.

तिची भावजय जानकी फाटक्या तोंडाची. ती दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "वन्सं, मोटर तुम्ही बांधता, जळते ती, आणि मान मोडते आमची."

बाय म्हणाली, "या उन्हाळ्यात नाय उतरू देणार. एकीला पण नाय."

एवढं बोलून बसली, आणि तो शब्द तिच्या मानेवर बसला.

तिनं कंडेन्सर आणि रेझिस्टन्स घालून एक डबा केला. लाईट आली की डबा आधी स्वतः जेवायचा. पाच वाढण्या झाल्या की आतला रिले, म्हणजे आपोआप लागणारं बटण, 'टक' वाजायचा आणि मग खालची मोटर सुरू व्हायची. मधेच लाईट गेली तर डबा लगेच रिकामा, परत पयल्या घासापासून. म्हणजे लाईट नीट पाय रोवून उभी राहिल्याशिवाय मोटर उठायचीच नाय. डबा पाड्यावर भावाच्या घराच्या भिंतीला लावला, मीटरशेजारी. त्याच्यावर एक लाल लाईट. लोकांना धीर कुठला? जानकी म्हणायची, "हा डबा हाय का नवरी? नटायला एवढा वेळ?"

बाय डब्यासमोर बसून बोटं मोजायची. एक वाढणी झाली की एक बोट मिटायचं. मधल्या वेळात ओठ हलायचे. घड्याळ नाय, काही नाय, पण पाचवं बोट मिटायला आणि टक वाजायला एकच गाठ. कधी जरा मागंपुढं व्हायचं. "शेवटचे घास बारके," ती म्हणायची, "पोट कधी भरलं ते नेमकं कळत नाय."

मी विचारलं, ओठात काय म्हणतेस? मंत्र?

"हो. तुझं पोट उतरायचा."

चैत्र गेला, मोटर जळली नाय. वैशाख लागला, जळली नाय. बाया टाकीवरच पाणी भरायच्या. जानकी पण गोड बोलायला लागली. आणि मग जानकीच्या पोरीचं लग्न निघालं.

आता पुढचं माझं कर्तृत्व ऐका.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. टाकी तळाला. चुलाणावर भाताचं आधण ठेवायचं होतं आणि पाणी नव्हतं. मंजुळाबाय आत नवरीला हळद लावत होती. भर दुपारी लाईट आली. डब्याची लाल लाईट लागली, सगळे ओरडले. तीन वाढण्या झाल्या नसतील, लाईट गेली. परत आली. परत गेली. परत आली, बल्ब बघितला तर नुसता पिवळा धागा. आचारी ओरडतोय, पावणे घाम पुसतायत, आणि मला सकाळपासून चहावर ठेवलेलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "ओ काशा मिस्त्री, तुम्ही काय शोभेला आलाय?"

मिस्त्री! आयुष्यात पयल्यांदा मला कोणी मिस्त्री म्हणालं. माझी छाती पोटाच्या पुढं आली. मी डब्याचं झाकण काढलं. तो तांदळाएवढा रेझिस्टन्स मला ठाऊक होता. त्याच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा लावला. म्हणजे पळी बाजूला ठेवली आणि अख्खं पातेलंच पंगतीत ओतलं.

टक!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार पण केला. थोडा वेळ गेला, नळ कोरडाच. मग दरीतनं वास आला. जळक्या वार्निशचा. तो वास मला दुकानात रोज यायचा, तरी मी शेजारच्याला म्हणालो, "आचाऱ्याचं काहीतरी करपलं वाटतं."

बाय आतनं आली. तिला बघायला लागलं नाय, वासानंच कळलं. उघडा डबा बघितला, तारेचा तुकडा बघितला, मग मला. मी वाट बघत होतो की ही आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती ओसरीवर गेली, हळदीच्या हातानं हंडा उचलला आणि चढणीच्या वाटेनं खाली निघाली. तिच्या मागं जानकी, लग्नाच्या नव्या लुगड्यात. तिच्या मागं सगळ्या. पितळेच्या हंड्यावर पिवळी पाचही बोटं उठलेली मला लांबनं दिसत होती.

त्या पंगतीत मी जेवलो नाय. कोणी आग्रह पण केला नाय.

नऊ दिवस लागले मोटर परत बांधायला. बाय सकाळी दुकानात वाइंडिंग करायची आणि दुपारच्या जीपनं कारवीपाड्याला जायची, बायांबरोबर पाणी भरायला. मी म्हटलं, तू कशाला? म्हणाली, "शब्द मी दिलेला." माझं काय चुकलं ते एका अक्षरानं बोलली नाय. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, बाय, मला शिव्या तरी दे.

"भुकेल्या माणसाच्या हातात पळी राहिली," ती म्हणाली, "डब्याला कुलूप लावायचं मला सुचलं नाय." मग तार उचलत, "उद्या तू पण चल."

आमच्याकडे बाप्या माणूस डोक्यावर हंडा घेत नाय. घेतला तर बघायला पाडा जमतो. जमला. मी चुंबळ ठेवली, हंडा ठेवला आणि चढायला लागलो. दहा पावलांत कानात पाणी, वीस पावलांत पाठीत. मागनं जानकी, "मिस्त्री, झाडाला घालायचं पाणी नाय ते!" हंडा डुचमळतोय, मी डुचमळतोय. आणि माझ्या पुढं मंजुळाबाय, मान ताठ, पाय न बघता दगडावर पडतायत. दुपार एवढी शांत होती की तिचं पुटपुटणं मला ऐकू आलं.

"...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस."

तिथं एक सपाट दगड. ती थांबली. एक दम घेतला. परत एक, दोन, तीन. परत चाळीसला दगड. असे पाच टप्पे. वर पोचलो तेव्हा दोनशे पावलं झाली होती. मी हंडा उतरवला, आत बघितलं तर तीनातला एक भाग पाणी. एका वाढणीचं मी सांडून आलो होतो.

"बाय," मी म्हटलं, "डब्यासमोर बसून तू हे मोजतेस?"

ती पदरानं मानेचा घाम पुसत होती. "पोर होते तवापासून पायाला पाठ हाय. डबा करताना किती वेळ ठेवायचा ते ठरत नव्हतं. मग म्हटलं, एवढा ठेवू. बायांनी एकदा चढायचं, त्याच्या बदल्यात डब्यानं थांबायचं. तेवढं तर लोकांनी थांबावं."

दहाव्या दिवशी मोटर खाली बसली. डब्यातली तार मलाच काढायला लावली, रेझिस्टन्सला कथलाचा डाग मलाच द्यायला लावला, कुलूप मात्र तिनं लावलं आणि किल्ली जानकीकडे दिली. लाईट आली. पाडा टाकीपाशी बसला होता. बायनं पयलं बोट मिटलं. कोणी ओरडलं नाय. जानकी पण हळूच पुटपुटायला लागली, मग तिच्या बाजूची. बघता बघता सगळ्या बाया डोळे मिटून बसल्या जागी चढण चढत होत्या. वारा नव्हता. झाडाचं पान नव्हतं हलत. चाळीस. परत चाळीस. मला वाटलं पाडाच जमिनीपासून जरा वर उचललाय.

टक.

नळातनं आधी हवा आली, मग पाणी.

त्याला आता बरेच उन्हाळे झाले. मोटर परत जळली नाय. बायची तब्येत मात्र उतरत गेली. दुकान बंद केलं, भावाकडे राहायला गेली. मी परत जीपवर लागलो, यावेळी आत बसून.

मी तिला शेवटची बघितली ती अशीच वैशाखातली दुपार. अंगणात आंब्याच्या सावलीला तिची खाट, डबा दिसेल अशी लावलेली. उशी नव्हती, चुंबळ केली होती मानेखाली. लाईट सकाळपासून गेलेली. टाकी आटलेली. नळापाशी रिकामे हंडे रांगेत, आणि बाया सावलीला गप्पा मारत बसलेल्या. खालच्या वाटेकडे कोणी बघत पण नव्हतं. त्या वाटेवर गवत उगवलं होतं.

"कोण?" बाय म्हणाली.

"मिस्त्री," मी म्हटलं.

तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "पोट?"

"हाय तेवढंच."

तेवढ्यात लाल लाईट लागली. बायांच्या गप्पा थांबल्या. बायनं डोळे मिटले आणि हात पोटावर घेतला. ओठ हलायला लागले. पयलं बोट मिटलं. मग दुसरं, मग तिसरं. चौथं मिटायला जरा वेळ लागला. पाचवं तसंच उघडं राहिलं. श्वास चालू होता, संथ. झोप लागली होती तिला, त्या चौथ्या दगडावर.

जानकीनं माझ्याकडे बघितलं. मी बायचं ते उघडं बोट हातात धरलं आणि मनातल्या मनात हंडा डोक्यावर घेतला. एक, दोन, तीन. मान ताठ ठेवली. चाळीसला वर पोचलो, बोट मिटलं. टक वाजलं नाय. शेवटचे घास बारके. मी हललो नाय, वरच्या दगडावर तसाच उभा राहिलो.

मग वाजलं.

नळाला पाणी आलं, हंडे भरायला लागले. बाय उठली नाय, मी उठवलं नाय. जीपची वेळ झाली होती. जाताना तिचा मिटलेला हात परत तिच्या पोटावर ठेवला आणि रस्त्यापर्यंत मान न वळवता गेलो.

त्या खेपेला माझ्या डोक्यावरचं पाणी सांडलं नाय.